कच्ची टीप

"कच्चीच मार गं," हौसाबाई म्हणाल्या. "पक्की नको. उद्या तिच्या अंगावर मास चढलं म्हंजे परत उसवत बसावं लागंल."

मी मशीनवर बसले होते आणि मांडीवर माझ्या बहिणीच्या ब्लाउजांचा ढीग होता. आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण मालन, समोरच्या कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. हौसाबाई तिच्या सासू. रहिमतपुरात बाजाराच्या मागच्या आळीत त्यांचं घर होतं. पुढच्या खोलीत दाजींची खतांची नि बियाण्यांची पोती, मागच्या खोलीत आक्काची कॉट आणि खिडकीखाली हे पायमशीन. आमच्या वडिलांनी, अण्णांनी, ते तिच्या लग्नात दिलं होतं. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. वडूजला शिवणक्लास केला होता, आणि जूनपासून साताऱ्याला नर्सिंगला जायचं ठरलं होतं. तोवर आक्काचं आजारपण काढायला आईनं मला इकडं पाठवलेलं.

आक्काच्या पोटात गाठ झाली होती. मिरजेला नेऊन ऑपरेशन केलं, गाठ काढली, आता फक्त ताकद भरून यायची आहे, असं मला सांगितलेलं. आणि ताकद काही येत नव्हती. सगळे ब्लाउज तिच्या खांद्यावरून ओघळायचे. दंडात बाही अशी लोंबायची की आत आणखी एक हात मावला असता. बघायला येणाऱ्या बायकांसमोर ते बरं दिसत नाही, म्हणून हौसाबाईंनी ब्लाउज आवळून घ्यायचं काम मला दिलं होतं.

कच्ची टीप मारायला तसं काही लागत नाही. मशीनचा टाका सगळ्यात मोठा करायचा आणि वरच्या दोऱ्याचा ताण जरा सैल सोडायचा. दोरा कापडाहून वेगळ्या रंगाचा घ्यायचा, मी पिवळा घेतला होता. सुरुवातीला आणि शेवटी टीप उलटी फिरवून गाठ पाडायची नाही, टोकं लोंबती ठेवायची. नको झाली की खालचा, बॉबिनचा दोरा धरून ओढायचा. सगळी टीप सरसर निघून येते आणि कापडावर खूणही राहत नाही. आतली माया, म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जास्तीचं कापड, जसंच्या तसं शाबूत राहतं.

मला ते काम फार आवडायला लागलं होतं. या घरात एक माणूस तरी आक्का बरी होणार असं धरून चाललंय, असं मला त्यातून वाटायचं. आणि ते माणूस म्हणजे चक्क सासू! गावाकडं आम्ही हौसाबाईंबद्दल काहीबाही ऐकून होतो. पण मला तर त्या चहात जास्तीचं दूध घालून द्यायच्या, माझ्या केसांना स्वतः तेल लावायच्या. "वाळलीस गं माझ्या घरात येऊन," म्हणत ताटात तुपाची धार सोडायच्या.

वाईट वागायची ती आक्का.

"ह्ये काय केलंयस? पेज हाय का खळ?" असं म्हणून तिनं एकदा वाटी भिंतीवर भिरकावली. मी अंग पुसायला घेतलं की म्हणायची, "तुझं हात लागलं की जास्त दुखतंय. सोड." तिची चार वर्षांची उज्ज्वला माझ्या मांडीवर येऊन बसली की आक्का डोळे मिटून घ्यायची. एकदा तर सरळ म्हणाली, "कांचन, तू घरी जा. मला तू इथं नको हायस."

मी मोरीत जाऊन रडले. हौसाबाई पाठीमागं आल्या, पदरानं माझे डोळे पुसले. म्हणाल्या, "आजारी माणसाचं मनावर घ्यायचं न्हाई, बाळा. तू हायस म्हणून तर ह्या घराचा उंबरा जागेवर हाय."

त्या दिवशी त्यांनी ट्रंकेतून आक्काचा लग्नातला ब्लाउज काढला. लाल, जरीकाठाचा.

"हा बी आवळायचा?" मी विचारलं.

"न्हाई. हा र्‍हाऊ दे तसाच. ह्यो तू घालून बघ जरा."

"मी? मी कशाला?"

"तिला कुठं उभं र्‍हावतंय? तुझी नि तिची चण येकच. कसर-बिसर लागली का त्ये तरी कळंल."

शेजारच्या बकुळाबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांच्यासमोर मी आडोशाला जाऊन तो ब्लाउज घालून आले. हौसाबाईंनी मला खांद्याला धरून फिरवलं. पाठीवरून हात फिरवला, काखेत दोन बोटं घालून पाहिली, बाजारात कालवड बघावी तशी.

"पाठीत जरासा ढिला हाय," त्या म्हणाल्या.

"भरंल की वरीसभरात," बकुळाबाई म्हणाल्या, आणि दोघी एकमेकींकडं बघून हसल्या.

मला त्यातलं काही कळलं नाही. आरशात बघत होते मी. लाल रंग मला शोभत होता. तेवढ्यात दाजी दुकानातून आत आले. दारात थबकले, मला पाहिलं, आणि मान खाली घालून पाय धुवायला गेले. उज्ज्वला अंगणातून धावत आली, मागून माझ्या पायांना मिठी मारून म्हणाली, "आई!" मी वळल्यावर ती लाजली. सगळ्या हसल्या.

आक्का कॉटवरून बघत होती. त्या वेळी मात्र तिचं तोंड भिंतीकडं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हौसाबाई बकुळाबाईंना घेऊन कुणाच्या तरी बारशाला गेल्या. दाजी साताऱ्याला माल आणायला गेलेले. उज्ज्वला मशीनखाली बसून रिकाम्या रिळांची माळ करत होती. मी उरलेल्या ब्लाउजांना टीप मारत होते.

"बघू," आक्का म्हणाली.

मी एक ब्लाउज तिच्या हातात दिला. तिनं तो उलटा केला, पिवळ्या दोऱ्यावरून अंगठा फिरवला, टोक चिमटीत धरून ओढलं. सगळी शिवण तिच्या छातीवर उघडी पडली.

"कुणी सांगितलं अशी मारायला?"

"आत्यांनी," मी म्हणाले. हौसाबाईंना मी आत्या म्हणायची. "तू बरी झालीस, अंग भरलं की..."

आक्का हसायला लागली. पोट धरून हसली, मग ते दुखायला लागलं तशी दातांत पदर धरून हसली. मी पाणी घेऊन गेले तर तिनं माझा हात बाजूला सारला.

"मिरजेला माझं पोट उघडलं," ती म्हणाली. "आत बघितलं नि तसंच शिवून टाकलं. काढलं काय न्हाई. काढण्यासारखं र्‍हायलंच नव्हतं. ती शिवण मात्र पक्की हाय बघ. परत कुणी उसवायचं न्हाई."

मी कॉटच्या कडेला बसले.

"सगळ्यांना म्हाईत हाय," आक्का म्हणाली. "आईला, अण्णांना, सगळ्यांना. अण्णा मागच्या बाजारी येऊन गेलं, तुला भेटलं नसतील."

"अण्णा आले होते?"

"तू नदीवर धुणं घेऊन गेलेलीस. माझ्या उशाशी बसून ठरवलं त्यांनी. मी झोपलीय असं वाटलं सगळ्यांना. सासू म्हणाली, पोरीला सख्खी मावशी मिळंल, घरातलं घरात र्‍हाईल. अण्णा म्हणाले, वर्षाच्या आत उरकून टाकू."

"काय उरकून?"

तिनं हातातला उसवलेला ब्लाउज माझ्या छातीला लावून बघितला. बाह्या माझ्या खांद्यांवर बरोबर बसल्या.

मग जे तोंडातून निघालं ते असं: "पण उज्ज्वला..."

"तिचं नाव काढू नगंस," आक्का एकदम म्हणाली. "आज दिवसभर तिचं नाव माझ्यासमोर काढू नगंस. मला जमायचं न्हाई मग."

"काय जमायचं नाही?"

"तुला करायचंय का लगीन?"

"मी तसं म्हणाले नाही."

"न्हाई बी म्हणाली न्हाईस."

"अण्णांनी शब्द दिला असेल तर..." मी म्हणाले. "आणि आत्या काही वाईट नाहीत गं. माझं सगळं करतात."

आक्कानं उजवा हात माझ्यापुढं धरला. तिच्या पहिल्या बोटाचं नख मधोमध चिरलेलं होतं, दोन अर्धी वेगवेगळी वाढलेली. मी ते पाहिलेलं होतं. दारात सापडलं असं ती माहेरी म्हणाली होती.

"दुसऱ्यांदा पोट पडलं, त्या महिन्यातली गोष्ट. मी बकुळाबाईंच्या लेकीचा फ्रॉक शिवत होते. सुईत दोरा घालत होते. सासू मागनं आली. म्हणाली, लोकाच्या पोरींचं शिवतीयास, माझा नातू कुठं हाय? आणि चाक फिरवलं." आक्कानं हवेत हात फिरवून दाखवला. "सुई आरपार. बोट मशीनला खिळलं. हिनं चाक धरून ठेवलं, उलटं फिरवंना. मी वरडत होते."

"आणि दाजी?"

"तिथं," तिनं स्वयंपाकघराच्या दाराकडं बोट केलं. "जेवत होतं. ताटावरनं उठलं न्हाईत. मारत न्हाईत त्ये, शिवी देत न्हाईत. नुसतं जेवत र्‍हात्यात." तिनं बोट पदरात झाकलं. "मला बी पहिल्या साली चहात जास्तीचं दूध घालत होती ही."

बाहेर कुणाचा तरी रेडिओ चालू होता. उज्ज्वलाची रिळं फरशीवर घरंगळत होती.

"टाका बारीक कर," आक्का म्हणाली. "सगळ्यांना पक्की टीप मार, दोनदा. आणि आतली माया काप."

"माया कापली तर परत कधीच मोठे होणार नाहीत."

"मग? कुणाला मोठे करून पाहिजेत? त्यो लाल बी आण ट्रंकेतनं."

"आक्का, आत्या मला सोडायच्या नाहीत."

"भ्यालीस? एका ब्लाउजाला भ्यालीस, तर हितं जलम काढशील कशी?"

हे ती अशा आवाजात म्हणाली की मी उठलेच. ट्रंक उघडली. टाका बारीक केला, ताण घट्ट केला. एकामागून एक ब्लाउज तिच्या मापाचे केले, त्या काडीसारख्या मापाचे, आणि प्रत्येकाची माया कात्रीनं शिवणीला लागून कापून टाकली. लाल ब्लाउजाला कात्री लावताना मी तिच्याकडं बघितलं. आक्का म्हणाली, "काप." रंगीत पट्ट्यांचा ढीग पडला. उज्ज्वलानं त्या गळ्यात घातल्या, डोक्याला बांधल्या आणि नाचायला लागली. आक्का तिच्याकडं बघत होती. सगळा वेळ नुसती बघत होती.

हौसाबाई आल्या त्या हसतच आल्या, हातात बारशाच्या घुगऱ्यांची पुडी. मागून बकुळाबाई, आणखी दोघी-तिघी आजारी माणसाला बघायला म्हणून. आणि सगळ्यांनी उज्ज्वलाच्या गळ्यातल्या पट्ट्या पाहिल्या. त्यात लाल जरीची होती.

हौसाबाईंनी मशीनवरचा ब्लाउज उचलला, उलटा केला, शिवण ओढून पाहिली.

"कुणी कापलं?"

मी तोंड उघडलं. मला वाटलं, आता आक्का सांगेल, मी सांगितलं म्हणून. मरायला टेकलेल्या बाईला कोण काय करणार?

"हिनं," आक्का म्हणाली.

मी वळून बघितलं. ती उठून बसली होती. दोन महिन्यांत उठून बसली नव्हती.

"हिनंच. माझ्या लग्नातला ब्लाउज नासला. काल माझ्यादेखत घालून आरशात मिरवत होती. इचारा बकुळाबाईंना." बकुळाबाईंनी खाली बघितलं. हौसाबाईंना बोलता येईना, कारण घालायला लावला होता त्यांनीच. "मी मरायची वाट बघत बसलीय ही. आणि माझ्या बुगड्या कुठं हायत? हिच्या पिशवीत बघा."

"आक्का!" मी ओरडले.

एका बाईनं आक्काच्या उशाजवळच्या खुंटीवरची माझी कापडी पिशवी काढून पालथी केली. परकर, फणी, आणि तळाशी फडक्यात बांधलेल्या आक्काच्या सोन्याच्या बुगड्या. ते फडकं आक्काच्याच जुन्या साडीचं होतं. मी ते कधी पाहिलेलं नव्हतं.

हौसाबाईंनी माझ्या तोंडात मारली. मग केसांना धरलं, ज्या केसांना त्या रोज तेल लावत होत्या. मला अंगणापर्यंत फरफटत नेलं. उज्ज्वला किंचाळत माझ्या मागं आली, तिला कुणीतरी उचललं. मी आत बघून ओरडत होते, "आक्का, सांग ना! सांग त्यांना!"

आक्का कॉटवर तशीच बसली होती. सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "सगळ्याजणींनी ऐकून ठेवा. ही भवानी ह्या घरात सून म्हणून आली, तर मी मसणातनं उठून येईन. हिला नांदू देणार न्हाई, आणि हिला आणणाऱ्याला बी सुखानं मरू देणार न्हाई. माझ्या लेकीची आण."

हौसाबाईंचा हात माझ्या केसांतून आपोआप सुटला. मरणाऱ्या बाईनं लेकीची आण घालून दिलेला शाप! त्या आळीत कुणाची छाती नव्हती तो अंगावर घ्यायची. हौसाबाईंच्या चेहऱ्यावर मी त्या दिवशी पहिल्यांदा भीती पाहिली.

आक्का आडवी झाली आणि तिनं भिंतीकडं तोंड केलं. मी तिला पाहिलं ते तेवढंच शेवटचं.

अण्णा न्यायला आले. एसटी स्टँडवर सगळ्यांसमोर त्यांनी मला मारलं आणि वडूजला नेलं. आईनं महिनाभर माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. आक्का गेली तेव्हा मातीला मला नेलं नाही. चुलत्यांच्या पोरानं येऊन सांगितलं, आणि आई म्हणाली, "तू र्‍हा घरी. तुझं तोंड तिला मेल्यावर तरी नको."

मीही तिला कमी शिव्या घातल्या नाहीत. लहानपणापासून ती मला पाण्यात पाहत होती, असं मी स्वतःला पटवलं. जूनमध्ये साताऱ्याला गेले. चोर मुलीला घरी कोण ठेवणार, आणि स्थळ तरी कुठून येणार? अण्णांनी मुकाट्यानं फॉर्मवर सही केली. वर्षाच्या आत दाजींनी कराडकडची मुलगी केली. शिकत होते त्या दवाखान्यात ती एकदा आली, पोट पडलं म्हणून. मला ओळखत नव्हती. तिच्या मनगटावर भाजल्याचा डाग होता, उलथन्याच्या आकाराचा. मी ड्रेसिंग केलं. "कशानं भाजलं?" विचारलं, तर म्हणाली, "चुलीला लागलं." दार उघडं होतं. बाहेरच्या बाकावर दाजी बसून वडापाव खात होते.

त्या दिवशी ड्यूटी संपल्यावर मी हॉस्टेलवर गेले नाही. दवाखान्यामागच्या पाण्याच्या टाकीपाशी जाऊन बसले आणि आक्काच्या नावानं जी रडले, ती मातीच्या दिवशीही रडले नव्हते.

ती कराडची मुलगी पुढं माहेरी निघून गेली, परत आली नाही. उज्ज्वला हौसाबाईंच्याच हाताखाली वाढली. मी दोनदा तिला बघायला गेले. दोन्ही वेळा मला दारातूनच परत लावलं. "चोरटे," म्हणून हौसाबाई आळी गोळा करायच्या, आणि त्यांच्या मागं, दाराला धरून, ती पोर उभी असायची. दुसऱ्या वेळी तिच्या हातात झाडू होता आणि एका कानाच्या पाळीवर खपली धरलेली होती. तिनं माझ्याकडं बघून तोंड फिरवलं.

हौसाबाई गेल्या. दाजी गेले. उज्ज्वलाचं लग्न झालेलं मला कुणी कळवलं नव्हतं. परवाच्या उन्हाळ्यात ती आपणहून माझ्या दारात उभी राहिली. तिशी ओलांडलेली, आक्काचंच कपाळ, आक्काचीच चण. मी आत बोलावलं. ती खुर्चीच्या टोकावर बसली, पर्स मांडीवर घट्ट धरून.

"एकच विचारायला आले," ती म्हणाली. "आजीनं मला फार मारलं. तुम्हाला माहीत नसेल."

"माहीत आहे."

"मारताना म्हणायची, तुझी मावशी इथं आली असती तर तुझे हाल झाले नसते. पण ती चोर निघाली. मरणाऱ्या बहिणीच्या बुगड्या चोरल्या." तिनं माझ्याकडं पाहिलं. "मला आता मुलगी झालीय. मला खरं कळायला पाहिजे. चोरल्या होत्या तुम्ही?"

नाही म्हणाले असते, तर पुढचं सांगावं लागलं असतं. त्या फडक्याची गाठ कुणी बांधली ते. त्या घरातून दोघींपैकी एकीलाच बाहेर काढता येणार होतं, आणि तिच्या आईनं जिला काढलं ती उज्ज्वला नव्हती, हे.

"हो," मी म्हणाले. "चोरल्या होत्या."

तिनं मोठा श्वास सोडला. इतकी वर्षं धरून ठेवलेलं काहीतरी तिच्या खांद्यांवरून उतरलं.

"म्हणजे माझी आई खरं बोलली," ती म्हणाली.

"हो. तुझी आई खरंच बोलली."

ती उठली. मी म्हणाले, "चहा तरी घे."

"नको," ती म्हणाली. "तुमच्या घरचं नको."